लाइन तीन रिकामी आहे

प्रिय फिलोमेना आत्या,

तुझा आशीर्वाद मागते आणि मगच पुढचं लिहिते. (आजी असती, तर आशीर्वाद मागितल्याशिवाय तिनं पाकिटाला तिकीटसुद्धा लावू दिलं नसतं.)

"मला नीट विचारलं असतं, तर मी खोटंही बोलले असते." हे तू कोर्टाच्या पायऱ्यांवर हातमोजे चढवता चढवता म्हणाली होतीस. आठवतं? मागे सरकारी वकील, पुढे फोटोवाले, आणि तू माझ्या कानाशी वाकून एवढंच बोललीस नि टॅक्सीत बसून निघून गेलीस. तेव्हा मला वाटलं, आत्या थट्टा करतेय. मग बरीच वर्षं वाटलं, रागानं बोलली. हल्ली मात्र ते वाक्य रोज सकाळी आठवतं. का, ते सांगण्यासाठीच लिहायला बसले आहे; पण तू मला ओळखतेस, मुद्द्यावर यायला मला आधी सगळ्या गावाला वळसा घालावा लागतो.

तुझा गुडघा कसा आहे? फ्लोरिडात गुडघे दुखतच नाहीत असं इथे सगळे छातीठोकपणे सांगतात, पण सांगणाऱ्यांपैकी कुणीच तिकडे गेलेलं नाही. तुझ्या घरामागच्या तळ्यातली मगर अजून ऊन खायला काठावर येते का? तिच्याजवळ जाऊन फोटो काढत जाऊ नकोस गं. नाताळच्या कार्डात तू पाठवलेला तो फोटो मी फ्रिजवर लावला होता, पण दूध काढताना रोज धस्स व्हायचं म्हणून खणात ठेवला. मी ठीक आहे. दंतवैद्य म्हणतात, झोपेत दात खाता, रबराची कवळी घाला. घातली. आता सकाळी उठते तेव्हा ती कवळी चावलेली असते.

याचं कारण बाबांची नोकरी. बाबा रेडिओवर बोलतात हे तुला ठाऊक आहे. (ठाऊक नाही असं म्हणू नकोस; आपलं स्टेशन इंटरनेटवर फ्लोरिडातही लागतं. त्याच कार्डात खाली "खोकल्याला मध आणि लिंबू" एवढंच लिहिलं होतंस. माझ्याकडे कुणालाच खोकला नव्हता. बाबा मात्र तो आठवडाभर माइकसमोर खोकत होते.) पण ही नोकरी लागली कशी, ते तुला कुणी सांगितलं नसेल. तुरुंगातून परत आल्यावर बाबांनी आधी सगळीकडे विचारून पाहिलं. फर्निचरच्या दुकानात, विमा विकायला, शेवटी बोलिंगच्या हॉलमध्ये बूट द्यायलासुद्धा. सगळ्यांनी उठून हात मिळवला, मुलाबाळांची चौकशी केली आणि नाही म्हणाले. ज्या माणसानं एवढी वर्षं गावाचं महापौरपद भोगलं, त्याच्या हातून बूट घ्यायला लोकांना अवघड वाटणार, असं बोलिंगवाला म्हणाला. मग रेडिओ स्टेशनचे मालक वॉयचिक स्वतः घरी आले. म्हणाले, "गिल, लोक तुला शिव्या द्यायला फोन करतील. शिव्यांना जाहिराती चांगल्या मिळतात." बाबांना हा मोठाच सन्मान वाटला. मला म्हणाले, "इनेस, बदनाम झालेल्या माणसाला दोनच जागा उरतात बघ, चर्च आणि रेडिओ. आणि चर्चमध्ये आपल्याला बोलू देत नाहीत."

कार्यक्रमाचं नाव 'गिलला विचारा'. सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते अकरा.

आता माझं काम ऐक. प्रोबेशनच्या अधिकारी मिसेस हॅवलँड यांनी दोन अटी घातल्या. बाबांनी रस्त्यांच्या ठेकेदाराशी, बेंटो पाशेकोशी, कुठल्याही प्रकारे बोलायचं नाही, आणि आपण अजून महापौर आहोत असं कुणाला भासवायचं नाही. एक जरी मोडली तरी पुन्हा आत. म्हणून स्टुडिओत कुणीतरी जबाबदार माणूस बसवा, असं त्यांनी सुचवलं. वॉयचिकना जबाबदार माणसाला पगार द्यायचा नव्हता, म्हणून मला बसवलं. (वाचनालयातली माझी पाळी दुपारी असते.) रेडिओवर बोललेलं लगेच बाहेर जात नाही, आत्या. काही क्षण ते आतच तरंगत राहतं, आणि तेवढ्यात माझ्यासमोरचं लाल बटण दाबलं, की ते शब्द पुसले जातात नि त्या जागी जाहिरात लागते. आपल्याकडे ती कायम एकच असते, लिंग्विसा सॉसेजची, ते अकॉर्डियनवालं गाणं. असं एक बटण आपल्या घरी जेवणाच्या टेबलाखाली असतं, तर किती गोष्टी टळल्या असत्या, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. का, ते पुढे येईल.

पहिल्या दिवशी मी इतकी घाबरले होते, की बाबांनी हवामान सांगितलं तरी बटण दाबलं. त्या दिवशी गावानं दोन तास जवळजवळ सॉसेजच ऐकलं. कसायाकडे रांग लागली म्हणे.

शिव्या मात्र आल्या नाहीत. म्हणजे पहिल्या दिवशी थोड्या आल्या, पण "पहिल्यांदाच फोन करतोय, रोज ऐकतो" असं म्हणून सुरुवात केलेली शिवी लागत नाही गं. (पहिल्याच दिवशी रोज कसं ऐकतो, हे कुणी विचारू नये.) मग बर्फ पडला, आणि कोलंबिया रस्त्यावरच्या एका म्हातारबुवांचा फोन आला. "गिल, तू चोर आहेस ते आहेसच. पण तुझ्या वेळी आमच्या गल्लीत बर्फाचा ट्रक सकाळी सहाला यायचा." बाबा ताठ बसले. मला त्यांची ती पाठ लहानपणापासून माहीत आहे. ती ताठ झाली की कुणाचं तरी काम होणार. मी बोट बटणावर नेलं, पण ते फार पटकन बोलले, "दुपारच्या आत ट्रक येईल, काका." आणि आला! बाबांनी कुणालाही फोन केला नव्हता. ट्रकचा ड्रायव्हर गाडीत आपलाच कार्यक्रम ऐकत होता. त्यानं ऐकलं नि गाडी वळवली.

तेव्हापासून कुणी मत द्यायला फोन करत नाही. दिवा लागत नाही, खड्डा पडलाय, पुतण्याला अग्निशमन दलात घ्या. मिसेस हॅवलँड दर आठवड्याला मला बोलावतात. "तुमचे वडील महापौर असल्यासारखे वागतात." मी सांगते, ते तसे बावीस वर्षांचे असल्यापासून वागतात, तेव्हा ते डबे भरायच्या कारखान्यात होते. त्या हसत नाहीत. आताचा महापौर, तो गालावर खळी असलेला ट्रेव्हर, त्याचंही तक्रारीचं पत्र आलं. आणि एकदा तर एक आवाज आला, "पहिल्यांदाच फोन करतोय. रस्त्यांविषयी बोलायचंय." मी ओळखलाच नाही. बाबांचा चेहरा उजळला, तेव्हा कुठे मला कळलं. बेंटो! ज्याच्या डांबरापायी हे सगळं घडलं, तो बेंटो पाशेको! गावचे रस्ते त्याला मिळाले आणि आमच्या दारापुढे असा गुळगुळीत रस्ता आला की शेजारची मुलं स्केटिंग शिकली. "हे डांबर कुणाचं?" असं वकिलानं तुला विचारलं होतं, आणि महापौरांच्या कचेरीतली सगळी कागदपत्रं सांभाळणारी तू, काहीही न लपवता म्हणालीस, "गावाचं." (त्या एका शब्दानं बाबा तुरुंगात गेले. मी तुला दोष देत नाही. शेजारची ती मुलं आता मोठी झाली आहेत, आणि त्यांना दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर स्केटिंग जमत नाही.) मी बटण इतक्या जोरात दाबलं की नख तुटलं. सॉसेज.

तर आत्या, माझ्या बोटाला आता सवय लागली आहे. कोर्ट, डांबर, बेंटो, तुरुंग, यांतला शब्द कानावर पडला, की बोट माझ्या आधी ऐकतं. रात्री रस्सा ढवळताना टीव्हीवर कुणी 'न्यायाधीश' म्हणालं, तर मी गॅसचं बटण दाबते.

बाकी सगळं क्षेम. मिसेस रेझेंडीस तुझी आठवण काढतात. यंदा पवित्र आत्म्याच्या सणाला गावजेवणाच्या सूपचं मोठं पातेलं ढवळायला कुणी नाही. तू गेल्यापासून पुदिना कधी घालायचा यावरून दर वर्षी भांडण होतं, आणि मागच्या वर्षी दोन वेळा पडला. तुझ्या गोड पावाची कृती पाठवशील का? मला जमेल असं नाही, पण घरात वास तरी येईल. गुडघा सांभाळ. मगरीपासून लांब राहा.

तुझी भाची,
इनेस

ता. क. पावाची कृती नाही पाठवलीस तरी चालेल. माझ्याकडे आहे, तूच लिहून दिली होतीस. पत्र वेगळ्याच कारणासाठी होतं, आणि ते मी लिहिलंच नाही असं आता सही केल्यावर लक्षात येतंय.

त्या मिसेस रेझेंडीसचाच फोन होता, गेल्या महिन्यात, कार्यक्रमात. "गिल, सणाला पातेलं कोण ढवळणार? फिलोमेना येते का?" सहज विचारलं त्यांनी. बाबांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग माइकजवळ सरकले. "माझी बहीण फिलोमेना ऐकत असेल तर तिला सांगतो," असं म्हणाले, आणि पुढे म्हणाले, "कोर्टात..."

माझं बोट गेलं, आत्या. मी नाही दाबलं. बोटानं दाबलं.

तुला फक्त "माझी बहीण फिलोमेना" एवढंच ऐकू आलं असणार, आणि मग अकॉर्डियन. तुला काय वाटलं असेल याचा विचार करून करून मी ती रबराची कवळी पार चावून टाकली आहे. पण मी काचेपलीकडे हेडफोन लावून बसले होते, मला सगळं ऐकू आलं. गावात फक्त मलाच. ते म्हणाले, "कोर्टात तिनं खरं तेच सांगितलं. मी एवढी वर्षं तिला कधी काही विचारलंच नाही. कागद पुढे सरकवायचो, आणि ती बिचारी ठेवून द्यायची. तिच्याशी बोललो नाही ते रागानं नाही, लाजेनं. फिलोमेना, लाइन तीन मी तुझ्यासाठी रिकामी ठेवतो." मिसेस रेझेंडीसना वाटलं फोन कटला, त्यांनी ठेवून दिला.

ता. क. २. बाबांना हे माहीत नाही; बाहेर लागलेली जाहिरात त्यांना स्टुडिओत ऐकू येत नाही. त्यांना वाटतंय, सगळ्या गावानं ऐकलं. त्या दिवशी घरी येऊन कोट न काढताच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बोललो गं एकदाचं." कुणी त्याविषयी चकार शब्द काढत नाही, तर ते म्हणतात, "बघ, लोक किती समजूतदार आहेत." ब्रेडच्या दुकानातला मुलगा सुटे पैसे देताना त्यांच्याकडे पाहून हसला, तरी त्यांचे डोळे भरून आले. मी रोज ठरवते आज सांगायचं, आणि रोज वाटतं, पुन्हा तेच बोलायला त्यांना दुसरा जन्म लागेल.

आपल्याकडे फोनच्या चार लाइनी आहेत, फोन आला की त्या त्या लाइनचा दिवा लागतो. तिसरीवर कुणालाही घ्यायचं नाही, अशी मला सक्त ताकीद आहे. परवा त्यावर चुकून एका पिझ्झावाल्याचा फोन आला, तर बाबा अर्धे उभे राहिले. आता ते कमी बोलतात. खड्ड्यांचे फोन आले तरी "बघू" म्हणतात, आणि बघतात त्या तिसऱ्या दिव्याकडे. वॉयचिक म्हणतात, रेडिओवर गप्प बसणारा माणूस मला परवडत नाही, इस्टरनंतर बघू. पण मला भीती नोकरीची नाही. त्यांना वाटतंय, तू सगळं ऐकलंस आणि तरीही फोन केला नाहीस. परवा गाडीत अचानक म्हणाले, "बरोबर आहे तिचं." घर आलं. दारातल्या त्या गुळगुळीत डांबरावर गाडी लावली आणि बराच वेळ उतरलेच नाहीत.

ता. क. ३. तू शपथेवर खरं बोललीस म्हणून आपलं घर तुटलं, असं सगळे म्हणतात. मला आता वाटतं, ते तुटलं कारण बाबांनी तुला काही विचारलंच नाही, खरं बोल असंही नाही आणि खोटं बोल असंही नाही. म्हणून त्यांच्या वतीनं मी विचारते, जमेल तितकं नीट. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू नाही म्हणशील. खोटं बोलायचं ते तुझ्या बोटापायी कशाला, असं म्हणशील, आणि तेही बरोबरच असेल. तरी विचारते.

कुठल्याही सकाळी नऊनंतर लाइन तीनवर फोन करशील का, आणि त्यांना सांगशील का, की त्या दिवशी तू सगळं ऐकलंस?