माठाला टेकवलेली डबी

मंगळवार, संध्याकाळ

पाय दुखतायत, पण सुशीलाकाकूंच्या माठाचं ते ओलं फडकं डोक्यातून जात नाही. घोडपदेवच्या चाळीत वरच्या मजल्यावर मी उष्णता मोजायच्या डब्या दिल्या होत्या. जी खोली जास्त तापते, तिच्या पत्र्याखाली आधी ऊन अडवणारा थर बसणार, म्हणजे दिवसभर पंखे नकोत. डब्यांतून ऑफिसात थेट येणाऱ्या आकड्यांत काकूंची खोली गार निघाली आणि यादीतून त्यांचं नाव गेलं. आज डबी आणायला गेलो, तर ती माठाला टेकवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली.

"परक्याची वस्तू रे! तापून बिघडली तर साहेब तुलाच ओरडतील ना."

"आणि तुम्ही?"

"मी काय बिघडतंय? दुपारची गॅलरीत जाऊन बसतंय."

डबी भिंतीवर लावणं माझं काम. त्या दिवशी गॅलरीत कॅरम रंगला होता, तिकडे बघत मी म्हटलं, "लावा कुठेही." आणि फॉर्मवर लिहिलं, 'भिंतीवर लावली.' आता खरं सांगितलं तर ही पण नोकरी जाणार. नाही सांगितलं तर?

निघताना काकूंनी त्याच माठातलं पाणी दिलं. प्यायला मान वर केली, तर पत्र्याची धग तोंडावर आली.

सकाळी साहेबांना सांगायचं, तो आकडा माठाचा आहे.