मनगट

प्रिय दादा,

आज जेवताना आईने मला विचारलं, "भिंतीवरचा तो क्रूस कुणाचा गं?" मी म्हटलं, "येशूचा." ती म्हणाली, "आपल्या ओळखीतला आहे का?"

ती आपल्या दोघांना विसरली, ते मी पचवलं. पण ज्याच्या भरवशावर ती जगली, तोच पुसला गेला, तर तिच्या तारणाचं काय? तू चर्चचा पाळक, तुझ्याकडे उत्तर तयार असेल. मला मात्र रस्ता ओलांडणारी आई आठवली. आपण तिचं बोट धरायला गेलो की ती झटकायची. "तुमच्या धरण्याचा काय भरवसा," म्हणायची आणि आपलं मनगट आवळायची. मग आपण हात ढिला सोडला तरी पलीकडे पोचायचोच. तिलाही येशूने तसंच धरलंय. निवड त्याची होती, पकडही त्याचीच. एवढं मला पटलंय. पटवून घ्यावंच लागलं.

कारण परवा मी शिलाई मशीनसमोर बसले आणि बॉबिनवर दोरा कसा भरायचा तेच आठवेना. लेक दारातून बघत होती.

हे पत्र मी पाठवणार नाही. तू लगेच लेकीला फोन करशील, आणि मग ते खरं होईल.

आज बाजारात जाताना रस्त्याच्या कडेला मी नेहमीसारखा लेकीचा हात धरायला गेले. तिने तो हळूच सोडवून घेतला आणि माझं मनगट घट्ट धरलं.

तुझी,
धाकटी