कंस वेगळा, कमान वेगळी

बाबा, नववीत असताना मी एका शब्दावरून तुमच्याशी भांडले होते, आणि गेल्या महिन्यात त्याच शब्दासाठी साहेबांशी भांडले.

तेव्हा भूमितीच्या तासाला बाईंनी फळ्यावर वर्तुळ काढलं, त्याचा एक तुकडा खडूनं जाड केला आणि विचारलं, याला काय म्हणतात? मी हात वर करून म्हटलं, "कमान." सगळा वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "मिस्त्र्याची पोरगी हाय ना!" बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी मोठ्या अक्षरात 'कंस' लिहिलं. संध्याकाळी तुम्ही अंगणात हाताचं सिमेंट धूत होतात आणि मी ओरडले, "तुमी आमाले चुकीचे शब्द शिकवता. आज सगळे हासले माह्यावर." रविवारी तुम्ही मला कामावर सोबत नेलंत. गावातल्या विहाराच्या दाराचं काम चाललं होतं.

तुम्ही एका फळीवर खिळा ठोकता, सुतळी बांधता, दुसऱ्या टोकाला खडू धरून गोल रेघ ओढता. "हा तुह्या बाईचा कंस. बरोबर हाय त्याइचा शब्द. याले मध्य पाह्यजे अन् दोरी पाह्यजे, बस. आता ठेव याच्यावर वीट." रेघेवर वीट कशी ठेवायची? मग तुम्ही लाकडी साच्यावर दोन्ही बाजूंनी विटा रचत वर येता. तुमच्या हाताखाली रेजा म्हणून मजुरी करणारी काकी, आमची रेजा काकी, खालून सिमेंट-वाळूच्या मसाल्याचं घमेलं देते, तुम्ही न बघता हात पुढे करता आणि ते हातात येतं. "वरचं वजन विटा एकमेकीले देत देत दोन पायांत उतरवतेत. पाय पक्के नसन तं कमान फाकते. कंस कधी फाकते का? शाळेत कंस लिव, इथी कमान मन. दोन्ही शब्द चांगले हायेत. पण एकाच्या जागी दुसरा ठेवशीन तं लोक मरतीन." हे शेवटचं तुम्ही फार साध्या आवाजात म्हणालात, म्हणूनच ते माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

मी इंजिनियर झाले ते पाहायला तुम्ही राहिला नाहीत. सध्या गोंडपिपरीकडच्या गावांची कामं माझ्याकडे आहेत. तिथल्या एका मुलींच्या शाळेला नवं प्रवेशद्वार मंजूर झालं होतं, विटांची कमान आणि वर शाळेच्या नावाची दगडी पाटी. मी पाहायला गेले तर दोन बारीक खांब, आणि मधे सळईला टांगलेली वाकवलेली जाळी, वरून प्लास्टर. दिसायला अगदी गोल. ठेकेदारानं नकाशा पुढे केला. आमच्याच कार्यालयात 'आर्च' लिहिताना इंग्रजीतलं शेवटचं अक्षर गळालं होतं आणि 'आर्क' उरलं होतं, म्हणजे कमानीचा कंस झाला होता.

"मॅडम, नकाशात आर्क हाय, आमी आर्क देल्ला. एका अक्षरानं काय होते?"

"तुमी रेघ टांगली भाऊ," मी म्हटलं. "याच्यावर दगड चढवान, अन् खालून पोरी जातीन."

उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. साहेबांचा फोन आला, सही करून टाका, मग बघू. मी सही केली नाही. कागदावर लिहिलं, 'पाडून पुन्हा बांधावे.' लांब सिरोंच्याला बदली करू म्हणाले. करा, म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उभं राहून ते सगळं पाडून घेतलं.

पाडल्यावर कळलं की तिथल्या एकाही मिस्त्रीनं विटांची कमान कधी बांधलेली नाही. सगळे सपाट स्लॅब टाकणारे. पुस्तकातलं मला येत होतं, हातातलं येत नव्हतं. तेव्हा रेजा काकीची आठवण झाली. ती आता लेकीकडे राहते, गुडघे गेलेत. "मी काय सांगू माय," ती म्हणाली, "मी तं घमेलं उचलत होती." तरी गाडीत बसली. जागेवर आल्या आल्या तिनं कमानीसाठी घातलेल्या नव्या पायावर हात ठेवला. "रुंद करा हे. असं नाई चालत." मग खुर्चीवर बसून दोन दिवस ओरडत राहिली, "दोन्हीकून संगं या! मसाला वर जाड, खाली पातळ!" शेवटची मधली वीट राहिली, तेव्हा दोघांचे हात धरून ती मचाणावर चढली, मिस्त्रीच्या हातून थापी घेतली आणि वीट स्वतः बसवली.

उतरल्यावर मी विचारलं, "काकी, बाबांनी तुले कधी थापी देली नाई?"

"मांगतली होती एक डाव. मने, बाईच्या हातची कमान लोक मानत नाई."

बाबा, तुम्ही असं म्हणाला होतात? मला तुमचा खूप राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. मला शब्द समजावायला तुम्ही अख्खा रविवार दिलात, आणि शेजारी उभ्या बाईला सगळं येत होतं ते तुम्हांला दिसलं नाही.

साचा काढला. कमान केसभरही हलली नाही. पाटी चढली, बदलीचं कोणी पुन्हा काढलं नाही. उद्घाटनाला शाळेच्या मोठ्या बाईंनी माईकवर मला विचारलं, ही विद्या कोणाकडून शिकलात? समोर सगळ्या मुली बसल्या होत्या. काकी सगळ्यांच्या मागे मंडपाच्या खांबाला टेकून उभी होती. मी म्हटलं, "माझ्या बाबांकडून." टाळ्या पडल्या. काकीनंही वाजवल्या.

उद्या मी आधी तिच्या लेकीच्या घरी जाणार आहे, आणि तिला घेऊन शाळेत. ही कमान कोणी बांधली ते मुलींना तिच्यासमोर सांगणार आहे. बदलीचा कागद मागाहून आला तरी हे सांगूनच जाईन. पत्र मात्र आधी तुम्हांला लिहिलं, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही. काकी विचारेल, तवाच काऊन नाई बोलली?