स्लॅशखालचा स्वर

कर्वेनगर, पुणे
२ फेब्रुवारी २०१४

ती. अण्णांना श्यामलाचा नमस्कार. मी बरी आहे. आईचं बीपी या आठवड्यात तपासून घ्या. फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

झालं ते असं:

१. २६ जानेवारीला आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात तुम्ही गिटार वाजवलीत.
२. कागदावर ‘बी हाफ-डिमिनिश्ड, स्लॅश जी’ अशी कॉर्ड होती. म्हणजे वर बी, डी, एफ, ए हे चार स्वर आणि सगळ्यांच्या खाली जी. तो जी तुम्ही चारही वेळा सोडलात.
३. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, खालचा स्वर खाताय तुम्ही."
४. तुम्ही म्हणालात, "तो माझा नाही."
५. मी हसले. ड्रमवरून सर्जेरावकाका ओरडले, "पोरगी इंजिनियर झाली, आता बापाचं सर्व्हिसिंग करणार!" मग सगळेच हसले.
६. तुम्ही चहा न घेता धायरीला निघून गेलात.

आई सांगत होती, गिटार माळ्यावर टाकलीत. नऊ तारखेला खडकीत मच्छिंद्रकाकांच्या आठवणीत कार्यक्रम आहे, त्यालाही नाही म्हणणार आहात.

त्या दिवशीचं मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. मोजून पाहिलं. दर वेळी त्या कॉर्डच्या आधी तुम्ही अर्धा ठोका थांबता. मग तुमच्या ऑर्केस्ट्राची जुनी कॅसेट लावली. नेमक्या त्याच जागी मच्छिंद्रकाकांच्या बेस गिटारवर जी वाजतो आणि त्यावर तुमचे चार स्वर येतात. वीस वर्षं तो स्वर त्यांचा होता. तुम्ही अजून त्यांना जागा ठेवता.

जीशिवाय ते चार स्वर अधांतरी राहतात. खाली जी आला की तेच चार स्वर घराकडे निघाल्यासारखे वाटतात. हे मला पुस्तकातून माहीत होतं. ऐकू आलं नव्हतं.

आणखी एक. नोव्हेंबरमध्ये काका गेले, तेव्हा ऑफिसचं काम सांगून मी आले नाही. काम नव्हतं. तुम्हाला रडताना बघायची भीती वाटली.

ऑफिसातल्या एकाची बेस गिटार आणली आहे. सहा दिवस तेवढंच गाणं घोकते आहे. दहातल्या सात वेळा जी वेळेवर पडतो. मच्छिंद्रकाकांच्या घरी जाऊन प्रेमलाकाकूंना विचारलं. म्हणाल्या, "वाजव की. पण तुझ्या बापाला विचार आधी, रुसून बसलाय तो."

तुम्ही तुमचे चार वाजवा, जी मी वाजवते. काकांसारखा वाजणार नाही.

चूक माझी होती. खडकीला याल का? गुरुवारपर्यंत, म्हणजे सहा तारखेपर्यंत, कळवा.

तुमची
श्यामला