पिन उजवीकडूनच ठोकतात

बुधवार, १२ नोव्हेंबर. सकाळी ८
आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचायची नाही. बायकोला, कमळला, वाचता येतं, पण माझं अक्षर बघून तिचे डोळे दुखतात, त्यामुळे धोका नाही.

लिहायचं कारण असं की कारागिराने कामाची नोंद ठेवावी. चौतीस वर्षं मी पॉवरलूमवर जॉबर होतो, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. लूम अडकला की शेठ एकच नाव घ्यायचे, बाळाराम. गेल्या महिन्यात शेठने चोवीसच्या चोवीस लूम भंगारात दिले, तिथे आता गोडाऊन होणार. म्हणून मी रिटायर झालो. निरोपाला शाल, नारळ आणि शेठची स्वतःची जुनी गाडी मिळाली. ती चालत नव्हती म्हणून दिली, असं दीपेश म्हणतो. दीपेश माझा मुलगा. कशेळीच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, दिवसभर खोके मोजतो. त्याला यंत्रातलं काय कळणार.

गाडीचा प्रॉब्लेम किरकोळ आहे. गिअर फक्त रिव्हर्सचा पडतो. नाक्यावरच्या प्रितेश मेकॅनिकने खाली वाकून सांगितलं की गिअरच्या दांड्याचा बुश झिजलाय. जुनी पिन काढायची, बुश बदलायचा, नवी पिन घालायची. काका, गाडी ठेवून जा, अर्ध्या तासाचं काम हाय, म्हणाला. अर्ध्या तासाचंच काम असेल तर मेकॅनिक कशाला पाहिजे? बुश आणि नवी पिन खिशात घातली आणि घरी आलो. गाडी लोकांकडून ढकलून आणली.

संकल्प: रविवारी, २३ तारखेला, कमळला आपल्या गाडीने अकलोलीला नेणे. गरम पाण्याच्या कुंडात तिचे गुडघे शेकणे. हा शब्द मी तिला आठ वर्षांपूर्वी दिला होता, गुडघे धरले तेव्हा. पण दर रविवारी एखादा लूम अडकायचाच. आता लूम नाहीत. आता माझ्याकडे सांगायला कारण उरलेलं नाही.

सकाळी १०
गाडी जॅकवर चढवली, खाली विटा लावल्या. पिन सापडली. करंगळीएवढी आहे. अकरापर्यंत निघेल.

दुपारी १
निघाली नाही. सुकटीचं कालवण झकास झालं होतं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
पद्धतशीर काम सुरू. नियम पहिला: पिन उजवीकडून ठोकायची. लूमवर जॉबर उजवीकडेच उभा राहतो. माझ्या हाताखाली पंधरा जण शिकले, सगळे उजवीकडून ठोकतात.

दोनशे घाव घातले. निरीक्षण: माझ्या बाजूचं टोक जाड, पलीकडचं बारीक. म्हणजे पिन पलीकडून झिजत आलीय. चांगलं लक्षण आहे.

कमळ भाकऱ्या थापता थापता म्हणाली, दुसऱ्या अंगानी ठोकून बगा की, जात्याचा खुटा खालून मारल्याबिगर निघत न्हाय. तिला शांतपणे समजावलं की जातं आणि गाडी यात फरक असतो. ती पुढची भाकरी थापायला लागली. पटलं असावं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
आज केमिकल पद्धत. आधी डिझेल, मग खोबरेल, मग लिंबू पिळलं, वर मीठ. पिन जागची हलली नाही. गाडीखाली लोणच्याचा वास सुटलाय आणि शेजारची मांजर तिथून उठायला तयार नाही. तिला वळसा घालून तीनशे घाव घातले.

शनिवार, १५ नोव्हेंबर
अन्सारीभाई येऊन गेले. लूमवरचे माझे जुने सोबती. चहा पिऊन गाडीखाली शिरले, मी चार घाव घालून दाखवले. बाहेर आले आणि म्हणाले, बाळारामभाई, ये तो और अंदर जा रही है. मी त्यांना चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं. माणसाचं वय झालं की असं होतं.

रविवार, १६ नोव्हेंबर
अजून पुरा आठवडा हातात आहे. म्हणून आज विश्रांती.

कमळ तव्यावर मिठाची पुरचुंडी गरम करून गुडघा शेकत बसली होती. उठताना भिंतीला धरते आणि आपल्याला कोणी बघत नाही ना ते बघते. मी बघितलं. वाईट वाटलं. दुपारी विश्रांती मोडून शंभर घाव जास्तीचे घातले.

सोमवार, १७ नोव्हेंबर. पहाटे ५
अंथरुणातच सुचलं. रिव्हर्स तर पडतो! अकलोली वीसेक किलोमीटर. तोंड कुठेही असलं तरी अंतर तेवढंच राहणार. शिवाय कमळ मागच्या सीटवर बसली तर सगळ्यांच्या पुढे तीच असेल. आठ वर्षं थांबली, एवढा मान तिला मिळायला हवा.

दिवसभर खुर्चीवर बसून मान मागे वळवायचा सराव केला. कमळने विचारलं, कोन येनार हाय का?

मंगळवार, १८ नोव्हेंबर
ट्रायल. विटा काढल्या. गल्लीच्या तोंडाशी दूध डेअरी आहे, तिथपर्यंत रिव्हर्समध्ये फर्स्ट क्लास गेलो. एक स्कूटरवाला तेवढा गटारात उतरला, पण स्वतःहून उतरला. दूध घेतलं. मग लक्षात आलं की घरी जायला गाडी पुढे न्यावी लागते.

शिफ्ट सुटलेले चार लूमवाले चालले होते, त्यांनी ढकलत आणली. एकाने विचारलं, चाचा, भंगार में दे रहे हो क्या? दूध काउंटरवरच राहिलं.

निष्कर्ष: जाणं शंभर टक्के यशस्वी. येण्याचं बघावं लागेल. मान मागे वळलेली आहे, ती अजून पुढे आलेली नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर
रिव्हर्सचा प्लॅन मानेमुळे रद्द. कमळने तिचीच मिठाची पुरचुंडी माझ्या मानेला लावली. आज तिच्या गुडघ्याला शेक राहिला.

संध्याकाळी दीपेश म्हणाला, बाबा, प्रितेशला बोलावतो, अर्ध्या तासात करून जाईल. मी नाही म्हटलं. तर म्हणाला, लूम गेले बाबा, आता कोनाला काय दाखवायचंय? त्याच्याकडे रागाने बघणार होतो, पण मान तिकडे वळत नव्हती.

जेवलो नाही. नंतर जेवलो.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
काल सहाशे, आज नऊशे. पिन जवळजवळ हललीय असं वाटतं. वाटतं म्हणजे नक्कीच.

ठकुबाईचा फोन आला. ती कमळची धाकटी बहीण, अंबाडीला असते. म्हणाली, दाजी, रविवारी नाक्यावर उभी ऱ्हाते, गाडी येते ना, का मी आपली यष्टीने जाऊ? मी म्हणालो, नऊच्या ठोक्याला हजर राहा. फोन ठेवला तर कमळ मागेच उभी. थोड्या वेळाने ट्रंकेतून जांभळी साडी काढून खुर्चीवर घडी घालून ठेवली.

त्या साडीकडे बघवत नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर. रात्री ८
चूक सापडली. हातोडा लहान होता. दुपारी बाजारात मोठा घ्यायला गेलो, ट्रॅफिकमुळे यायला तीन तास लागले. जाताना कमळला सांगितलं होतं की आज पिनला हात लावायचा नाही, शेवटचा घाव उद्या सकाळी.

परत आलो तर तिचा गुडघा टरारून सुजलेला. म्हणाली, पायऱ्या चढले. आमच्या घराला पायऱ्या नाहीत, शेजारी गेली असणार. साडीच्या पाठीला काळं लागलं होतं, ते तव्याचं असेल. जेवायला आज भाकरीऐवजी चपात्या होत्या. कणीक मळली होती, म्हणाली. मला काय, मी पाच खाल्ल्या.

रविवार, २३ नोव्हेंबर. सकाळी साडेसहा
निघाली!

एका घावात. नवा हातोडा नीट उचललासुद्धा नव्हता, पिन पलीकडे टपकन पडली. घाव घालताना माझ्या बाजूचं टोक बारीक दिसलं. म्हणजे दहा दिवसांत मी ते ठोकून ठोकून बारीक केलं होतं. पिनला पांढरट, चिकट काहीतरी लागलेलं. जुनं ग्रीस. बुश घातला, नवी पिन घातली, पहिला गिअर पडला. दुसरा पडला. पाचही पडले.

कमळ दाराला धरून उभी होती. म्हणाली, तुमच्या हाताला यश हाय. मला जरा भरून आलं. दीपेशला उठवून सांगितलं, अन्सारीभाईंना फोन केला, प्रितेशलाही केला. प्रितेश म्हणाला, कोण बोलतंय?

जुनी पिन शोकेसमध्ये ठेवणार.

संध्याकाळी ७
अकलोली झालं. नऊला अंबाडी, दहाला कुंड. गाडी सगळीकडे तोंड पुढे करून गेली. कमळ दोन तास गरम पाण्यात पाय सोडून बसली. ठकुबाई तिच्या कानाशी काहीतरी विचारत होती, मग दोघी माझ्याकडे बघून हसत सुटल्या. इतकी हसताना कमळला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

सोमवार, २४ नोव्हेंबर
शोकेसमध्ये ठेवण्याआधी पिन घासायला घेतली. पांढरं होतं ते वाळून कडक झालंय. ग्रीस वाळत नाही. नखाने खरवडून बोटावर चोळलं. कणीक आहे.

मग पिन उजेडात धरली. जाड टोक माझ्या घावांनी फुलासारखं पसरलंय. काल ते पलीकडे होतं. दहा दिवस ते माझ्या बाजूला होतं. बारीक टोकावर दोन खड्डे आहेत, दोनच, आणि ते माझ्या हातोड्याचे नाहीत.

स्वयंपाकघरात जाऊन खलबत्ता बघितला. बत्त्याच्या बुडाला काळं ग्रीस.

म्हणजे तो गुडघा घेऊन ती जमिनीवर आडवी झाली, गाडीखाली सरकली, दुसऱ्या अंगाने ठोकून पिन काढली. आणि मी काढावी म्हणून कणकेने चिकटवून परत ठेवली. उलटी ठेवली, कारण मी उजवीकडूनच ठोकणार हे तिला माहीत होतं. उठली कशी असेल, कोणाला धरून, ते मला कळत नाही.

कमळ बाहेरून विचारत होती, शोकेसची काच पुसून ठेवू का? नको म्हणालो. बत्ता घासला आणि जागेवर ठेवला.

कामाची नोंद पूर्ण करतो. घाव: माझे दोन हजारांच्या वर. तिचे दोन.