टाकल्याचा दाखला

वन्सं,

नमस्कार शेवटी करीन, राहिला तर. तुमच्या भावानं मला टाकलं तेव्हा मी गप्प बसले, पण तुम्ही गल्लीभर जी थाप मारून गेलात ती आता माझ्या पोटावर आली आहे, त्याचं काय ते आधी सांगा. गुडघे कसे आहेत तेही कळवा. शनिवारी तुम्हाला जिने चढायचे आहेत.

मी सरकारी दवाखान्यात रोजंदारीवर चादरी धुते हे तुम्हाला ठाऊक आहे (लोकांना तुम्ही ‘देखरेखीचं काम’ म्हणून सांगता, तेही कानावर आलंय). तिथे यंदा धुलाईच्या कायम जागा निघाल्या, आणि त्यातली एक नवऱ्यानं टाकलेल्या बाईसाठी राखीव. पुढच्या वर्षी माझं भरतीचं वय उलटतं, म्हणजे ही शेवटचीच. मी अर्ज केला. फक्त टाकल्याचा दाखला जोडायचा राहिला. मला वाटलं, अकरा वर्षं टाकलेली बाई, दाखल्याला कितीसा वेळ लागणार!

चौकशीला माणूस आला. मी कामावर, म्हणून त्यानं शेजारी विचारलं. दुकानदार म्हणाला, यांचे मालक जहाजावर असतात. शिंपीण म्हणाली, फार प्रेम हो बायकोवर, दरसाल साडी पाठवतात. (माझ्या अंगावरची साडी त्या बाईनं स्वतः दोनदा रफू केली आहे.) वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं तर कमालच केली, तुमच्या भावाला थेट कप्तान करून टाकला. चौकशीवाल्यानं लिहिलं, पती परदेशी नोकरीस, आणि दाखला नामंजूर. मी दुकानदाराला जाऊन विचारलं, जहाज पाहिलंत का तुम्ही? तर म्हणतो, वहिनी, तुमची अब्रूच राखली ना! म्हटलं, ती अब्रू ठेवा तुमच्या साखरेच्या डब्यात, मुंग्या तरी खातील.

हे सगळं तुमचं पेरलेलं. जहाज तुमचं. कप्तान मात्र इतकी वर्षं तुमच्याच गिरणीत पीठ चाळत बसलेला.

या भानगडीत सोमवारी मुदत संपली. भरतीच्या कचेरीतला कारकून मान वर न करता म्हणाला, दाखला नाही तर राखीव जागा नाही, नाव सर्वसाधारण यादीत जाईल. त्या यादीत विशी-पंचविशीतल्या, बारावी झालेल्या पोरी आहेत वन्सं. मी चौथी पास. मी तिथून हललेच नाही. मागची माणसं ओरडायला लागली तशी आतून मोठ्या बाई आल्या. त्यांनी कागद पाहिले, माझे हात पाहिले (सोड्यानं साली निघाल्यात) आणि म्हणाल्या, शनिवारी फेरचौकशी लावते, त्यानंतर देवही काही करू शकणार नाही. सासरचं रक्ताचं माणूस आणा, त्यानं समोर बसून लिहून द्यावं.

ते माणूस तुम्ही. तुमच्या मुलीची सोयरीक जुळते आहे, मामानं मामीला टाकलंय हे आत्ताच बाहेर पडायला नको, हे मला कळतं. पण तिला नवरा मिळायचा म्हणून मी माझा जहाजावर किती दिवस ठेवू?

तुमची,
भावजय (अजून तरी)

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. तुमचा भाऊ इथे आला आहे. बायको सरकारी होणार हे कुणीतरी त्याच्या कानात घातलं. काल पिशवी घेऊन दारात. मी आत घेतलेलं नाही, जिन्यात बसलाय. पण गल्ली त्याला चहा पाजते आणि विचारते, काय कप्तान, सुट्टी किती? त्यालाच म्हटलं, तूच दे लिहून. तर म्हणतो, आता आलो ना, मग टाकलं कुठे?

दुसरा ता. क. शनिवारी चौकशीवाल्याला तो जिन्यात दिसला की माझी जागा गेली. म्हणून एक दिवस आधीच या, त्याला परत नेऊन सोडा आणि शनिवारी लिहून द्यायला पुन्हा या. त्याला पश्चात्ताप झालाय म्हणे. होऊ दे, पण नेमणुकीचा हुकूम माझ्या हातात पडेपर्यंत तो पश्चात्ताप तुमच्या गिरणीत ठेवा. आला नाहीत, तर रविवारी आम्ही दोघं जोडीनं तुमच्या होणाऱ्या व्याह्यांकडे ओळख करून घ्यायला जाऊ, आणि तो कुठल्या जहाजावर होता ते मी स्वतः सांगीन. गुरुवारी दिवे लागायच्या आत उत्तर हवं.