स्टेशनामागचं पाणी

३ फेब्रु., मंगळ.
ठण्ण... आणि मग त्या आवाजाची शेपटी हवेत रेंगाळत राहायची. टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर बाबा लोखंडी खिळ्याने ठोका मारायचे. गाडी मागच्या स्टेशनातून सुटली, असा त्याचा अर्थ. दोन ठोक्यांच्या मधे समुद्र ऐकू यायचा. आज सकाळी त्याच आवाजाने जागा झालो. नागपुरात, हुडकेश्वरच्या घरी. बाहेर कचऱ्याची गाडी.

ठरवलं, त्या स्टेशनचा इतिहास लिहायचा. बाबा तिथे स्टेशनमास्तर. ओरिसाचा किनारा, नागपूरचा माणूस, बदलीने फेकला गेलेला. एकच फलाट, बाजूला मिठागरं, मालगाडीत मीठ भरायचे. मोठ्या वादळात रूळ वाहून गेले, नवी लाइन आतल्या गावांकडून नेली. स्टेशन राहिलं तसंच, वाळूत. आता ते फक्त माझ्याजवळ आहे.
पहिली ओळ लिहायला घेतली. स्टेशनचं नाव.
नाव येईना.

४ फेब्रु., बुध.
पिवळी पाटी दिसते. ओडियाची गोल गोल अक्षरं, शेजारी शेजारी बसलेली. वाचता येत नाहीत. शाळेतली कविता मात्र आंघोळ करता करता सगळी म्हणून झाली, चालीसकट. मग नाव तेवढं कुठे गेलं?

अतुल आलाय पुण्याहून, आठवडाभर. मागे माझ्याकडून गॅस चालू राहिला, शेजारणीने त्याला कळवलं, तेव्हापासून माझ्याशी बोलताना पोराचा आवाज बदललाय. लहान मुलांशी बोलतात तसा. त्याला स्टेशनचं सांगितलं. मोबाइलात शोधत बसला.
"बाबा, असं काही दिसून नाही राहिलं. तुम्ही समुद्रपूर तर नाही म्हणून राहिले?"
"अरे, समुद्रपूर वर्ध्याकडे! तिथे कुठला आला समुद्र!"
"तेच तर म्हणून राहिलो मी."
हसला. मीही हसलो.

सोमवारी डॉक्टर. मेंदूचे. त्यांनी विसर पडतोय म्हटलं, की घराला कुलूप आणि मी पुण्याला. अतुल त्याला हवापालट म्हणतो.

६ फेब्रु., शुक्र.
पमीला फोन केला. धाकटी बहीण, गोंदियाला असते. अतुलने स्पीकर लावला आणि मला तोंडावर बोट ठेवायला सांगितलं. मी तिला पढवीन म्हणून. सत्तर वर्षांनी पुन्हा तोंडावर बोट.
"आत्या, तुम्ही लहानपणी राहायचे त्या स्टेशनामागे काय होतं?"
"तलाव होता ना. मोठा तलाव. आई वरडे, तलावावर नको जाऊ म्हणून."
"समुद्र नव्हता?"
"समुद्र कुठला आणला रे बाप्पा! तलाव."
अतुलने फोन ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. ते जास्त लागलं.

पमी खोटं कशाला बोलेल? मग मी इतकी वर्षं काय पाहत होतो? इथल्या फुटाळा तलावासारखं एखादं पाणी, आणि लाटा मीच कवितांतून आणून टाकल्या? आमच्या पुस्तकांत समुद्राच्या कविता होत्या खऱ्या. शक्य आहे. तेच तर...

७ फेब्रु., शनि.
दुपारी मेथी निवडताना एकदम. आई!
आई नागपूरच्या महाल भागातली. तिने पाणी पाहिलं ते तलावाचं. त्या किनाऱ्यावर उतरली आणि दार लावून बसली. समुद्र हा शब्द तोंडातून काढायचीच नाही. तिन्हीसांजेला सापाचं नाव घेत नाहीत, तसं. तलाव म्हणायची. तलाव म्हटलं की त्याला चारी बाजूंनी काठ असतो. पमी तेव्हा कडेवर. तिला आईचा शब्द मिळाला, पाणी मिळालंच नाही.

अतुलला सांगितलं.
"बरोबर आहे बाबा," म्हणाला. फार लवकर म्हणाला.

आणि आता मलाच शंका. हे आठवलं, की सोमवारच्या भीतीने रचलं? यमक जुळावं तसं जुळलंय सगळं. खऱ्या आठवणी इतक्या जुळतात का?

८ फेब्रु., रवि.
अतुल सीताबर्डीला गेलाय, माझ्यासाठी बॅग घ्यायला. मोठी, चाकांची. डॉक्टर उद्या, बॅग आजच.

बेल वाजली. दारात पमी! एकटी. गुडघ्यांमुळे देवळातसुद्धा न जाणारी, गोंदियाहून गाडीत बसून आली. पायात दोन वेगळ्या चपला. आत पाऊल टाकायच्या आधीच,
"दादा, त्या तलावाचं पाणी खारट होतं काय गा? आई माझे पाय पुसे, अन् मी बोटं चाटो..."
"होतं पमे. खारट होतं."
मला रडू आवरेना. दारातच. म्हटलं, हे अतुलला सांगशील? उद्या डॉक्टरांना?
"सांगीन ना. त्यात काय!"

हाताला धरून बसवलं, पाणी दिलं. जवळ पिशवी नाही, फोन नाही. विचारलं, घरी सांगून आलीस ना?
तिने खोलीभर पाहिलं. मग माझ्याकडे, जरा रागावूनच.
"काहून सांगू? घरीच तर आली. बाबा ड्यूटीवर गेले काय?"

हो म्हणालो.
बाहेरच्या खोलीत बसली आहे. अतुल अजून यायचाय.